ऐकणाऱ्यांच्या मुलखात शाळेचा रेडिओ

राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाची वाटणी केली. तेव्हा मुंबई राज्यात येणाऱ्या भागांच्या यादीत एका लहान गावाचे नाव वेगळे नोंदवावे लागले. आदिलाबाद जिल्ह्यातल्या किनवट आणि राजुरा या तालुक्यांबरोबर बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मराठी मुलखाला जोडले गेले. आज इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्यापासून जवळ आहे. मराठीबरोबर गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगू कानावर पडते, असा हा टापू. त्याच १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणीने मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. गावकऱ्यांनी रेडिओ एकत्र बसून ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले म्हणणे उलट केंद्राला कळवायचे. हे पाचही जिल्हे पश्चिमेकडचे होते. इस्लापूर तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मराठवाड्याच्या ध्वनिप्रसारणाचे मुख्य दुखणे दिसते. इथे रेडिओ ऐकायला उशिरा मिळाला, आणि त्यावर बोलण्याची पाळी तर जवळजवळ आलीच नाही. विद्यार्थ्यांनी चालवलेले शाळेचे रेडिओ केंद्र हा विषय निघाला की आपण त्याकडे शहरी हौस किंवा परदेशी खूळ म्हणून पाहतो. माझे म्हणणे उलटे आहे. मराठवाड्यात नव्वद वर्षांपूर्वी सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या एका इतिहासाचे ते पुढचे पाऊल आहे, आणि ते टाकायला इस्लापूरसारखीच जागा योग्य आहे.

या इतिहासाची सुरुवात हैदराबादेत होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिथे खासगी हौसेतून छोटे प्रक्षेपण सुरू झाले आणि १९३५ साली निजाम सरकारने ते ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादेतही केंद्र निघाले. कार्यक्रमांची मुख्य भाषा उर्दू होती. तेलुगू, कन्नड आणि मराठीला थोडथोडा वेळ मिळे. हा वाटा किती तोकडा होता हे समजायला त्या काळच्या शाळा आणि सभा पाहाव्या लागतात. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' या फर्मानानुसार सरकारची पूर्वपरवानगी लागे. लोकांनी काढलेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्था सतत संशयाच्या छायेत चालत. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. म्हणजे सरकारने रेडिओ आपल्या हाती घेतला त्यानंतर तीनच वर्षांत त्याच सरकारने एका गीतासाठी मुलांना शिक्षणातून उठवले. रेडिओ राज्याचा आणि गप्प बसणे प्रजेचे, अशी ही विभागणी होती. शाळकरी आणि कॉलेजच्या पोरांच्या आवाजाची राज्यकर्त्यांना भीती वाटते याचा याहून सरळ पुरावा मराठवाड्याला दुसरीकडे शोधायला नको.

ब्रिटिश मुलखातही चित्र फार निराळे नव्हते, पण तिथे एक अपवाद घडला. 'छोडो भारत'च्या आंदोलनात, ऑगस्ट १९४२ मध्ये, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाताई तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. जागा बदलत, पोलिसांना चुकवत हे केंद्र १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत, सुमारे अडीच महिने, चालले. आपल्या राज्यात तरुणांनी स्वतः चालवलेल्या रेडिओचा हा सर्वांत ठळक दाखला आहे, आणि तो बेकायदा होता. स्वातंत्र्य आल्यावर हे चित्र पालटायला हवे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली आणि ती बातमी रेडिओवरूनच लोकांपर्यंत गेली. १९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. पण वायुलहरींवरचा सरकारचा एकाधिकार तसाच राहिला, कारण त्याचा पाया असलेला १८८५ चा टेलिग्राफ कायदा स्वतंत्र भारतानेही चालू ठेवला. काँग्रेस रेडिओच्या तरुणांना ज्या हक्कासाठी तुरुंगात जावे लागले, तो हक्क स्वराज्यातल्या तरुणांनाही मिळाला नाही.

१९५६ चा पुण्याचा प्रयोग म्हणूनच नीट पाहायला हवा. कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांवरून घेतलेली ही कल्पना युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत राबवली गेली. दोन महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे श्रोतृमंडळ जमे, कार्यक्रम संपला की चर्चा होई, आणि प्रश्न व मते केंद्राकडे जात. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमार्फत पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ संच होता त्यांच्यापेक्षा ज्या गावांत मंडळे बसून बोलली त्यांच्या माहितीत अधिक भर पडली, असा निष्कर्ष निघाला. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण फैलावताना तिच्यातली उलट बोलण्याची बाजू क्षीण होत गेली आणि संच वाटपाला महत्त्व आले. माझ्या युक्तिवादाचा पहिला आधार इथे आहे. रेडिओने माणूस शिकतो तो केवळ ऐकून नव्हे. ऐकलेल्यावर बोलण्याची जबाबदारी अंगावर पडली की तो अधिक शिकतो. हे सिद्ध झाले ते मराठी खेड्यांतच, मराठी शेतकऱ्यांच्या बाबतीत. शाळेतल्या मुलांना मात्र ही संधी कुणी दिली नाही.

शाळांसाठी आकाशवाणीने काहीच केले नाही असे नाही. शालेय प्रसारणाची परंपरा १९३० च्या दशकाच्या अखेरीपासूनची आहे. अनेक शाळांत रेडिओ संच आले, आणि कविता, विज्ञान, भूगोल यांचे पाठ वर्गात ऐकवले गेले. १९६९ साली दिल्लीहून 'युववाणी' सुरू झाली आणि तरुणांना कार्यक्रमात थोडी जागा मिळाली. मराठवाड्यात परभणीचे केंद्र निघाले, औरंगाबादचे केंद्र पुन्हा सुरू झाले आणि १९९१ मध्ये नांदेडला एफएम केंद्र आले. या केंद्रांचे उपकार मोठे आहेत. शेतीची माहिती, लोकसंगीत, मराठवाडी बोलीतली नाटिका हे सारे त्यांनी घराघरांत नेले. तरी शाळेच्या बाजूने पाहिले तर मूल ऐकणाऱ्याच्या जागेवरच राहिले. प्रसारणाची वेळ केंद्र ठरवी आणि ती शाळेच्या तासाशी जुळेलच असे नसे. पाठ सुटला, आवाज खरखरला, एखादा शब्द समजला नाही, तर विचारायची सोय नव्हती. मुलांच्या कार्यक्रमात भाग घ्यायचा तर केंद्राच्या गावी जावे लागे, आणि ते शहरातल्या निवडक शाळांनाच जमे. किनवटच्या डोंगराळ भागातून नांदेडला जाऊन दहा मिनिटांची नाटिका ध्वनिमुद्रित करून येणे किती मुलांना परवडले असते? अंतर हाच इथला खरा निवडकर्ता होता.

कायद्याचे दार उघडायला १९९५ साल उजाडले. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारीला निकाल दिला की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारचा किंवा कुणाचाही एकाधिकार असू शकत नाही. त्या खंडपीठात मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. निकालानंतर सात वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना कमी शक्तीची केंद्रे चालवण्याचे धोरण मंजूर केले. त्यात विद्यापीठे आणि महाविद्यालयांबरोबर निवासी शाळांनाही जागा होती. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले परिसर-केंद्र सुरू झाले. पुढच्या वर्षी लखनौच्या सिटी माँटेसरी शाळेचे केंद्र निघाले. नोव्हेंबर २००६ मध्ये हा हक्क स्वयंसेवी संस्थांनाही मिळाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचे केंद्र, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी अशी नावे पुढे आली. यादी पाहिली की दोन गोष्टी जाणवतात. शिक्षणसंस्थांचा रेडिओ बहुतेक करून उच्च शिक्षणापाशी थांबला, आणि तो बहुतेक करून पश्चिमेकडे राहिला. १९५६ च्या पाच जिल्ह्यांची सावली पन्नास वर्षांनंतरही पुरती सरलेली नव्हती.

हायस्कुलात रेडिओ केंद्र चालू शकते का, हा प्रश्न जगाने कधीच निकालात काढला आहे. अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या बेन्सन पॉलिटेक्निक या हायस्कुलाच्या विद्यार्थ्यांकडे १९२३ पासून स्वतःचे केंद्र होते. मुले तिथे तंत्रशिक्षण घेत, आणि प्रक्षेपण हे त्या शिक्षणाचेच अंग झाले. १९४८ साली अमेरिकी सरकारने शिक्षणसंस्थांना अवघ्या १० वॅटच्या केंद्रांची मुभा दिली, त्यामुळे कमी पैशांत अनेक शाळांना आपापल्या वस्तीपुरते बोलता येऊ लागले. त्यांचे अनुकरण करावे म्हणून मी हा दाखला देत नाही. कमी पैशांच्या शाळांतही केंद्र शक्य झाले ते नियमांनी लहान केंद्राला लहान राहू दिले म्हणून, एवढे त्यातून घ्यावे. आपल्याकडे आजही लहान केंद्र मोठ्याच्या नियमांनी मोजले जाते. अर्ज, वेगवेगळ्या मंत्रालयांच्या मंजुऱ्या आणि लहरींचा परवाना यांची वाट एखाद्या मुख्याध्यापकाची उमेद खचवायला पुरेशी लांब आहे.

आपल्या शाळांना हे नवे आहे असेही नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेत, आश्रमशाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा. मुलांचे गट पाळीपाळीने तो चालवतात. एक जण सूत्रसंचालन करतो, दुसरी बातम्या निवडून वाचते, तिसरा गोष्ट सांगतो. वेळ बांधलेली असते, क्रम ठरलेला असतो, चुकले तर शेकडो मुलांसमोर चुकते. रेडिओच्या सकाळच्या सभेत याहून वेगळे काय असते? हस्तलिखित, भित्तीपत्रक आणि परिपाठ या तीन गोष्टी जिथे नियमित चालतात, तिथे मजकूर निवडणे, लिहिणे आणि सादर करणे हे अर्धे काम आधीच शिकवले गेलेले आहे. उणीव एवढीच की परिपाठ शाळेच्या मैदानाबाहेर ऐकू येत नाही, आणि म्हणून त्यातला मजकूर पाठ्यपुस्तकातून आणि वर्तमानपत्रातून उतरवून घेण्याची सवय लागते. ऐकणारे गावकरी असतील तर मुलांना गावातून मजकूर आणावा लागेल. पैनगंगेला पूर आला की कोणते रस्ते बंद होतात, कापसाचा भाव काय निघाला, रेल्वे किती उशिरा आहे, कोलाम पाड्यावर लसीकरण कधी आहे, हे विचारून, पडताळून सांगावे लागेल. श्रोता बदलला की अभ्यासाचा दर्जा बदलतो, तो असा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हातोहात मोबाइल आलेल्या काळात रेडिओची काय गरज? ज्याला बोलायचे तो यूट्यूबवर बोलेल. हा आक्षेप जोरदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. आवाज साठवणे आणि दूर पोहोचवणे मोबाइलने खरोखर सोपे केले. पण महासाथीने एक धडा दिला. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले, तेव्हा घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, डोंगरात नेटवर्क नाही, रिचार्जला पैसे नाहीत, असे अडथळे उभे राहिले. विदर्भात 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम नागपूर आकाशवाणीवरून सुरू करावा लागला तो यामुळेच. मागे पडलेले म्हणून ज्याला बाजूला सारले होते ते साधन अडचणीत कामी आले. दुसरे कारण याहून खोल आहे. यूट्यूबवरचा आवाज जगात कुठेही जाऊ शकतो, पण शेजारच्या तांड्यावर जाईलच याची खात्री नसते. काय ऐकवायचे ते दूरच्या कंपनीची गणिते ठरवतात. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत जाणारे केंद्र एका मुलखाला एकाच वेळी एकच गोष्ट ऐकवते. त्यातून सामाईक माहिती तयार होते, आणि गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या थोड्या माणसांसाठी कार्यक्रम करणे तिथे तोट्याचे ठरत नाही. कोलाम ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. त्यांच्या मुलीने आपल्या बोलीत आजीची मुलाखत घेतली तर ती कुणाला मिळाली पाहिजे, हे बाजार ठरवणार नाही. शाळा ठरवू शकते.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि अधिकाऱ्यांचा असेल. मुले काहीही बोलतील, गावातली भांडणे हवेवर येतील, आणि दहावीचा अभ्यास बुडेल. यातली पहिली भीती १९३८ च्या सरकारचीही होती, म्हणून ती तपासूनच स्वीकारावी. अशा कमी शक्तीच्या केंद्रांना, म्हणजे समुदाय रेडिओला, स्वतंत्र बातम्या आणि राजकीय प्रचार यांची मनाई आहे, आणि प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. जे बोलले त्याची नोंद राहते आणि त्याचा जाब देता येतो. मोबाइलवर नाव न देता पसरणाऱ्या मजकुराच्या तुलनेत शाळेचा रेडिओ कितीतरी जबाबदार ठरेल. नियमांच्या बाबतीत एक तक्रार मात्र करायला हवी. हायस्कुलातल्या मुलांना ग्रामसभेतल्या ठरावाची बातमी सरळ सांगता येऊ नये, हे लोकशाहीचे शिक्षण देणाऱ्या देशाला शोभत नाही. अभ्यासाबद्दल म्हणाल तर भाषेच्या परीक्षेत जे अपेक्षित असते, म्हणजे सारांश, मुलाखत, बातमीलेखन, संवाद, तेच इथे रोज करावे लागते. गुण वाढतीलच असे आश्वासन मी देणार नाही. पण ज्या मुलीला घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांतल्या अंतरामुळे वर्गात तोंड उघडायचा धीर होत नाही, तिला आधी आपल्या बोलीत आणि मग मराठीत बोलायची हक्काची जागा मिळणे हे शिक्षणच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. पैसे कोण देणार, यंत्र कोण सांभाळणार, आणि दहावीची तुकडी बाहेर पडली की केंद्र बंद पडणार नाही का? याचे उत्तर शेजारीच आहे. जुन्या बिदर जिल्ह्याची फाळणी झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा आपल्याकडे आले आणि जहीराबाद आंध्रात गेले. त्या जहीराबादजवळ माचनूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी संघम रेडिओ उभारला. स्टुडिओ १९९० च्या दशकाच्या अखेरीस बांधून तयार होता, पण परवाना नव्हता. त्यांनी हात बांधून वाट पाहिली नाही. कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि ते गावोगावच्या बैठकांत ऐकवले. जवळपास दहा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २००८ रोजी, त्यांचे प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा हाताशी कार्यक्रमांचा साठा होता आणि शिकलेली माणसे होती. शाळेसाठी हाच क्रम शहाणपणाचा आहे. आधी परिपाठाच्याच ध्वनिक्षेपकावर आठवड्यातून एक बांधीव कार्यक्रम, मग तो बाजारच्या दिवशी गावात ऐकवणे, आणि दोन-तीन वर्षे खंड न पडता हे जमले तर परवान्याचा अर्ज. आठवीच्या मुलांनी सहावीच्यांना शिकवत राहायचे हा नियम केला तर तुकड्या बदलल्या तरी काम चालू राहते. लेझीम आणि कवायत शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या अशीच टिकली.

राहिला प्रश्न हे कुठून सुरू व्हावे याचा. २००२ च्या धोरणात निवासी शाळांचा समावेश झाला तेव्हा धोरणकर्त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा श्रीमंत बोर्डिंग शाळा असतील. पण महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने निवासी असलेल्या शाळांचे सर्वांत मोठे जाळे आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे आहे, आणि किनवटला त्या विभागाचे प्रकल्प कार्यालयच आहे. मुले चोवीस तास शाळेत असतात, संध्याकाळ मोकळी असते, आणि घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी असते. रेडिओ केंद्राला याहून अनुकूल शाळा शोधूनही सापडणार नाही. जो नियम चेन्नई आणि लखनौला लागू पडला तोच इस्लापूर परिसराला लागू पडतो. तो इकडे वापरायचा निर्णय तेवढा झालेला नाही. हा निर्णय घेताना आदिवासी विकास विभागाने यंत्रसामग्रीचा खर्च आपल्या तरतुदीतून उचलावा, नांदेड आकाशवाणीने दरवर्षी काही शिक्षक-विद्यार्थ्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि केंद्र सरकारने शाळांसाठी कमी शक्तीचा, एका अर्जावर मिळणारा परवाना काढावा. संस्थानी राजवटीत या मुलखाला बोलण्याची परवानगी मागावी लागत होती. स्वराज्यात ऐकण्याची सोय झाली. वायुलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत हे न्यायालयाने सांगूनही आता तीन दशके झाली. त्या मालमत्तेतला आपला हिस्सा मराठवाड्यातल्या शाळांनी मागितला पाहिजे, आणि मागणी करणाऱ्यांत पहिली सही विद्यार्थ्यांची असली पाहिजे.